पेन्शनचं काम आहे...

आपल्या भागात साठीच्या आसपासच्या माणसाला जन्मतारीख विचारली की बऱ्याच वेळा एकच उत्तर येतं, एक जून. तेव्हा घरोघरी जन्माची नोंद कुठं असायची? पोराला शाळेत घालायला आलेला बाप सांगायचा, "मिरगाच्या तोंडावर झाला, गुरुजी," नाहीतर "त्या साली ज्वारी लय पिकली होती." गुरुजी आपला अंदाज बांधून दाखलखारीज रजिस्टरात १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्याचा परिणाम असा की आपल्याकडे दरवर्षी ३१ मे ला सरकारी नोकरांची मोठी लाटच्या लाट निवृत्त होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ५८ वर्षं पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणून ३१ मे.

यातली गंमत बघा. ३१ मे ला शाळेला कुलूप असतं! उन्हाळ्याच्या सुट्ट्या चालू, पोरं मामाच्या गावाला, वर्गात पालींशिवाय कुणी नाही. ज्या बाईनं आयुष्य पोरांच्या गोंगाटात काढलं, तिचा नोकरीचा शेवटचा दिवस असा मुका जातो.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं असंच झालं. घरात आणि गावात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. कागदोपत्री जन्म १ जून १९६७. डी.एड. करून १९८९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागल्या आणि ३१ मे २०२५ ला निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षं झाली. निरोप समारंभ सुट्ट्या लागायच्या आधीच एप्रिलमध्ये उरकला होता. साडी-चोळी, शाल, नारळ. शेजारच्या खुर्चीवर आमचे भासरे, त्यांनाही टॉवेल-टोपी. भाषणात निम्मा वेळ त्यांच्या 'सहकार्या'चं कौतुक झालं. सहकार्य म्हणजे काय, तर बायकोला नोकरी करू दिली! असो.

मे महिना नेहमीसारखाच गेला. कुरडया, पापड, शेवया, पाहुणे. दरवर्षी मे मध्ये त्या घरीच असायच्या, त्यामुळे निवृत्त झाल्यासारखं काही वाटलंच नाही. एक फरक तेवढा पडला. १ जूनला सकाळी मोबाईल पाहिला तर शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नाव काढलेलं. चूक कुणाचीच नाही, ग्रुप कामाचा, त्यावर सरकारी माहिती येते, निवृत्त माणसाचं तिथं काय काम? पण वाढदिवसाच्या दिवशीच काढलं हो, असं म्हणून त्या हसल्या. त्यांचं ते हसणं मला बरं वाटलं नाही.

खरा धक्का बसला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या दिवशी साडेनऊला रस्त्यावर काळीपिवळीचा हॉर्न वाजला. बाई ओट्यावर सोयाबीनचं बियाणं निवडत बसल्या होत्या. हॉर्न ऐकून उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि मग परत खाली बसल्या. त्यानंतर महिनाभर मी त्यांना नीट बोलताना पाहिलं नाही. जेवण कमी, झोप कमी. भासरे म्हणाले, बीपीची गोळी बदलून घेऊ.

मैत्रिणींनो, मी बचत गटाच्या कामामुळे सिंदखेडराजा, देऊळगावराजा, लोणार, मेहकर या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत जाते. शिक्षिका, नर्सताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीत नाहीतर पोस्टात काम केलेल्या बायका. नोकरी सुटल्यावर पहिल्या वर्षात या बायकांना काय होतं ते मी बघत आले आहे. पगार कमी झाल्याचं दुःख कमीच असतं. दुखतं ते वेगळंच. बाईच्या आयुष्याचा अकरा ते पाचचा भाग घरच्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तिचा वर्ग कसा चालायचा, साहेबासमोर ती कशी बोलायची, कुणासाठी ती भांडली, कुठं ती रडली, हे नवऱ्याला माहीत नाही, मुलांना माहीत नाही, सासूला तर नाहीच नाही. माहीत असतं ते फक्त सोबतच्या बायांना. त्या बाया सुटल्या की तो अर्धा जन्म कुणी पाहिलाच नव्हता असं होऊन जातं.

पुरुषांचं तसं नसतं का? असतं, पण त्यांना जागा असतात. आमच्या दुसरबीडचंच घ्या. मेहकर-जालना रस्त्यावरचं गाव, स्टँडवर हॉटेलं, पानटपऱ्या. सकाळी तिथं जाऊन बसा. निवृत्त गुरुजी, ग्रामसेवक, एसटीचे ड्रायव्हर, आणि आमच्या गावचा जिजामाता सहकारी साखर कारखाना, जो बंद पडून आता पुष्कळ वर्षं झाली, तिथले जुने लोक. कारखाना गेला तरी त्यांची ओळख गेली नाही, कारण अर्धा कप चहा घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी पतसंस्थेच्या निवडणुकीत, कुणी संघटनेत, कुणी देवळाच्या कमिटीवर. त्या टेबलावर एक तरी निवृत्त बाई बसलेली मी पाहिलेली नाही. बसली तर गावात दोन दिवस तोच विषय होईल.

बाईंची मैत्री होती ती गाडीत. पाच जणी होत्या. एक मेहकरच्या, एक देऊळगावराजाच्या, दोन इकडच्या आणि पाचव्या आमच्या बाई. वेगवेगळ्या शाळा, पण रस्ता एक. कधी एसटी, कधी काळीपिवळी, कधी नुसती मालाची मेटॅडोर. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. त्या पाऊण तासात काय नव्हतं? एकीच्या डब्यातलं दुसरीनं खायचं, टाचणं पूर्ण करायची, मेथी निवडायची, स्वेटर विणायचे. कुणाला दिवस गेले ते घरी कळायच्या आधी गाडीत कळायचं. पतसंस्थेचं कर्ज, जामीनदार, सासूचं आजारपण, मुलीचं स्थळ. बाईंनीच मला एकदा सांगितलं, "इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरी किती वेळा गेलो असू? लग्नाकार्याला धरून चार-पाच वेळा." म्हणजे मैत्री एवढी घट्ट, पण तिला घर नव्हतंच. गाडी हेच तिचं घर. गाडी सुटली की ती उघड्यावर.

ती उघड्यावर पडली निवृत्तीच्याही आधी. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण बदललं आणि २०१८ मध्ये त्या ऑनलाइन झाल्या. ज्यांना बदलीचा अधिकार मिळाला त्यांनी एखादी जागा मागितली की तिथल्या शिक्षकाला उठावं लागायचं. याला सगळे 'खो' म्हणायचे. शिक्षकांच्या घरांत हा शब्द आजही नुसता काढला तरी वातावरण बदलतं. आमच्या बाईंना खो बसला आणि तो गाडीतल्याच एकीनं दिला. तिच्या जागी तीही बरोबर असेल, दुखणं होतं, कागद होता, नियम होता. पण आधी गाडीत एका शब्दानं सांगितलं नाही, हे बाईंच्या मनात राहिलं. शेवटची सात वर्षं त्यांनी लोणार तालुक्यातल्या एका खेड्यात काढली. पाच जणींच्या पाच दिशा झाल्या.

ऑगस्टमध्ये बाई पेन्शनच्या कागदांसाठी पंचायत समितीत गेल्या. सेवापुस्तक, ना-देय दाखला, फोटो, सह्या. ते काम एका फेरीत होत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथं एका ओळखीच्या क्लार्कनं बोलता बोलता विचारलं, "त्या मेहकरच्या मॅडम तुमच्यासोबत होत्या ना? त्यांचे मिस्टर गेले हो, आठ महिने झाले."

आठ महिने! जिच्या मांडीवर डोकं ठेवून बाई गाडीत झोपायच्या, तिचं कुंकू गेलं आणि यांना आठ महिन्यांनी सरकारी ऑफिसात कळलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि तशाच बसल्या. मी चहा दिला तो गार झाला.

म्हटलं, "बाई, फोन करा ना."

"आता काय तोंडानं करू?"

हे 'काय तोंडानं' मला फार ठिकाणी ऐकायला मिळतं. आपण बायका नातेवाइकांकडे दहा वर्षांनीही बिनदिक्कत जातो. मावसनणंदेच्या जावेच्या बारशाला जातो. पण सोबत काम केलेल्या बाईला फोन करायचा तर पंचवीस शंका. तिला वाटेल काही काम असेल. पैसे मागायचे असतील. तिच्या घरी चालेल का? कारण नातं आहे, पण नात्याला नाव नाही. मावशी नाही, बहीण नाही, जाऊ नाही. ज्याला नाव नाही त्यासाठी घराबाहेर पडायचं तर कारण काय सांगायचं?

त्यांनी फोन केला तो चौथ्या दिवशी. जुना नंबर बंद. दुसऱ्या एकीकडून नवा मिळवला, तो नातवानं उचलला, "आजी झोपली," म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी परत केला. मग मात्र दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी बाहेर जाऊन बसले. तासाभरानं बाई बाहेर आल्या, डोळे लाल, आणि म्हणाल्या, "ती म्हणते, तू आली असतीस तर मी रडले असते. घरात रडायला कुणी मोकळं सोडत नव्हतं."

मग बाकीच्यांना फोन झाले. देऊळगावराजाच्या मॅडमकडे सून नोकरीला, नातू यांच्याकडे. एकीची अजून दोन वर्षं नोकरी बाकी. आणि जिनं खो दिला होता तिलाही बाईंनीच फोन लावला. समोरून उत्तर आलं, "बघू."

भेटायचं ठरलं, पण भेटायचं कुठं? हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. घरी बोलावलं तर जिच्या घरी, ती बिचारी पोळ्या लाटत राहणार. किंवा तिची सून लाटणार आणि वरून ऐकवणार. हॉलमध्ये सासरे टीव्ही बघत बसलेले असणार. एकीनं सुचवलं, नवरात्रात हळदीकुंकू ठेवू, त्या निमित्तानं घरचे सोडतील. पण मेहकरच्या मॅडमचं काय? आपल्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं म्हणजे कुणाला तरी न बोलावणं असतंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. पण ठराव गावच्या दप्तरात असतो आणि करंडा असतो बायकांच्या हातात. बाई म्हणाल्या, ज्या कारणात ती बसत नाही ते कारणच नको.

शेवटी जागा ठरली सिंदखेडराजा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला रविवार, कारण एकीची शाळा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग माहेरी जायला, दवाखान्यात जायला होतो हे आपण बघतोच. मैत्रिणीला भेटायलाही होतो.

निघायच्या आदल्या रात्री भासऱ्यांनी विचारलं, "उद्या कुठं?"

"पेन्शनचं काम आहे," बाई म्हणाल्या.

रविवारी कोणतं ऑफिस उघडं असतं हे त्यांनी विचारलं नाही. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. पण मनात आलं, ही बाई छत्तीस वर्षं रोज सकाळी घराबाहेर पडली, जनगणनेला गेली, निवडणुकीच्या ड्यूटीला रात्रभर परगावी राहिली, कुणी विचारलं नाही. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी एक दिवस बाहेर जायचं तर खोटं बोलावं लागतं. कारण ती आता 'रिकामी' आहे ना! रिकामी बाई ही घराची सार्वजनिक मालमत्ता असते. लेकीचं बाळंतपण, सुनेची नोकरी, नणंदेच्या मुलीचं लग्न, शेतातले मजूर, सगळ्यांचा तिच्यावर हक्क. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने फार महत्त्वाचे, असं माझं मत झालं आहे. त्या सहा महिन्यांत तिनं आपला महिन्यातला एक दिवस राखला नाही, तर नंतर तो मिळत नाही. घर तोपर्यंत तिच्या वेळेवर सातबारा करून बसलेलं असतं.

मी सोबत गेले होते. बाईंना एकटं जायला कसंतरी वाटत होतं आणि मलाही बघायचं होतं. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला इथं महाराष्ट्रभरातून माणसं येतात, पाय ठेवायला जागा नसते, पुस्तकांची दुकानं लागतात. त्या रविवारी मात्र शांत होतं. चौघी आल्या होत्या, पाचव्या नाही. देऊळगावराजाच्या मॅडमनी नातवाला सोबत आणलं होतं, त्याला दुसरं कुणी सांभाळायला नव्हतं.

पहिला अर्धा तास अवघड गेला. गुडघे, शुगर, महागाई भत्ता, कुणाची ग्रॅच्युइटी जमा झाली, कुणाची नाही. चौघींच्याही हातात पर्स घट्ट धरलेली. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी आलो. मग त्यातल्या एकीनं वाड्याच्या दरवाजाकडे बघून म्हटलं, "इथं मी किती सहली आणल्या असतील गं! पण वाडा कधी पाहिलाच नाही. नुसती पोरं मोजायची. बत्तीस, तेहतीस, चौतीस..." आणि चौघी एकदम हसायला लागल्या. कारण चौघींनीही तेच केलं होतं. जन्मभर इथं येऊन पोरांची डोकी मोजली. मोती तलाव पाहिला तो कुणी पाण्यात उतरू नये म्हणून. त्या दिवशी चौघींनी वाडा सावकाश पाहिला. कमान, पायऱ्या, दगडातलं कोरीवकाम. वर्गात शिकवलेलं सगळं, स्वतः पहिल्यांदा बघत होत्या.

मग डबे उघडले आणि तोंडं उघडली. पूर्वी महिन्याला तांदूळ मोजून पोत्यात द्यायचे ते दिवस, मग खिचडी शिजवायला लागली तेव्हा धुरानं भरलेला वर्ग. पल्स पोलिओचे रविवार. राहेरीच्या पुलाखाली खडकपूर्णेला आलेला पूर आणि अलीकडे अडकलेली गाडी. २०२० च्या साथीत घरोघर फिरून घेतलेल्या नोंदी, लोक दार उघडायचे नाहीत. यांच्या नोकरीत तीन जनगणना झाल्या, १९९१, २००१ आणि २०११. त्यातल्या पहिलीची गोष्ट मेहकरच्या मॅडमनी काढली. "हिला आठवा महिना होता. गाव वस्तीवस्तीनं पसरलेलं. मी आधी माझं काम उरकायचे आणि मग हिच्या वस्त्यांवर जायचे. अक्षर वेगळं दिसू नये म्हणून हिच्यासारखं काढायचे."

आठवा महिना म्हणजे आमचा थोरला पुतण्या. तो आज पुण्यात कंपनीत आहे. त्याला हे माहीत नाही. भासऱ्यांना माहीत नाही. मी या घरात आले त्याला चोवीस वर्षं झाली, मी पहिल्यांदा ऐकत होते. बाई खाली बघत होत्या, मातीत बोटानं रेघा ओढत. मेहकरच्या मॅडम त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू मला नवऱ्याच्या वेळेस फोन केला नाहीस." रागानं नाही म्हणाल्या. पण म्हणाल्या. बाईंनी त्यांचा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. नातू मध्येच येऊन बिस्किट मागून गेला.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली एक अभ्यास सुरू केला. काही तरुणांचं आयुष्य वर्षानुवर्षं तपासत राहायचं, त्यांची प्रकृती, नोकरी, संसार. तो अजून चालू आहे. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी की म्हातारपणी माणूस धडधाकट आणि समाधानी राहतो त्यात पैशापेक्षा आणि नावापेक्षा जवळच्या नात्यांचा वाटा मोठा. (सुरुवातीला या अभ्यासात सगळे पुरुषच होते, बायका पुष्कळ नंतर आल्या. तिकडेही आपल्यासारखंच!) जागतिक आरोग्य संघटनेनंही जून २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे. मला त्या अहवालाचं नवल वाटलं नाही. बाईंची बीपीची गोळी काही बदलावी लागली नाही, जुन्याच गोळीवर ऑक्टोबरनंतर बीपी ठीक आलं. याला कारण ती भेटच, असं मी म्हणणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण त्या जेवायला लागल्या, एवढं मी स्वतः वाढून पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्या पेन्शनवाल्या बायकांच्या गोष्टी. खरं आहे. अंगणवाडी सेविकांचं काय? ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षं झाली. तिच्यात जन्म काढलेल्या सेविका आणि मदतनीस आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना पगार नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ ला त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा किती जणींनी मला पेढे दिले होते! माझ्या ओळखीच्या एक सेविका आहेत. एका खोलीत त्या आणि त्यांच्या मदतनीस, दोघींनी मिळून तीस वर्षं गावातली लेकरं सांभाळली. खिचडी, वजनकाटा, लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी. जात वेगळी, घरं गावाच्या दोन टोकांना. काम सुटलं आणि मदतनीस बाईंनी येणंच बंद केलं. का? तर अंगणवाडीत त्या चटईवर शेजारी बसायच्या, पण सेविकेच्या घरात कुठं बसायचं हे त्यांना कळेना. सेविकेलाही वाटायचं, मी तिच्या वस्तीत गेले तर लोक काय म्हणतील. दोघी एकाच गावात राहून वर्षभर भेटल्या नव्हत्या! आमच्या गटाच्या बैठकीला मी दोघींना वेगवेगळं निरोप देऊन बोलावलं. गटाची चटई एकच होती. आता दोघी दर महिन्याच्या बैठकीला येतात, मागं बसतात आणि इतक्या बोलतात की मला ओरडावं लागतं. पण एकमेकींच्या घरी अजून जात नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

बाईंच्या चौघींनी भिशी लावायचं मनात आणलं होतं. मीच म्हटलं, थांबा. गटाचं काम करताना एक शिकले आहे, पैसा आला की हजेरी वाढते आणि पाठोपाठ भांडणही येतं. त्यापेक्षा तारीख पक्की करा. त्यांनी महिन्याचा दुसरा रविवार धरला आहे. वाढदिवसाला भेटू म्हणावं तर अडचण, तिघींचा एक जूनलाच! नोव्हेंबरचा रविवार त्यांनी सोडून दिला, कारण नोव्हेंबरात एक दिवस भेट होणारच होती. पेन्शनवाल्याला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी या शाळांवर असताना पगाराची खाती उघडली होती, त्यामुळे तिघींची खाती अजून एकाच शाखेत आहेत. पुतण्यानं फोनवर सांगितलं, "आई, सरकारनं २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ऑनलाइन केलं आहे, तुमचं त्यात होतं का विचार, मी इथून बघतो. कशाला रांगेत उभी राहतेस?" बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून नवी साडी काढली.

मी त्या दिवशी गटाचं पासबुक भरायला त्याच बँकेत होते. रांग दारापर्यंत. मेहकरच्या मॅडम आणि बाई मागं उभ्या, गप्पा मारत. पुढं तीन माणसं सोडून त्या पाचव्या मॅडम उभ्या होत्या, ऑक्टोबरात 'बघू' म्हणून न आलेल्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनी एकदा मागं पाहिलं, मग पुढं पाहिलं. रांग सरकत राहिली. काउंटरपाशी पोचल्यावर त्यांनी पर्समध्ये पुष्कळ वेळ हात घातला, आणि फॉर्म घेऊन मागं आल्या.

"चष्मा राहिला घरी," बाईंना म्हणाल्या. "एवढा भरून दे ना."

बाईंनी पेन काढलं. नाव, पत्ता, पेन्शनचा नंबर, एकेक विचारत भरलं. सही कुठं करायची तिथं फुली मारून दिली. मग फॉर्म परत देताना सांगितलं, "डिसेंबरचा दुसरा रविवार. सकाळी साडेनऊची गाडी."

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. फॉर्मची घडी घालून काउंटरकडे गेल्या.